जागतिक ल्यूज अजिंक्यपद स्पर्धा

जागतिक ल्यूज अजिंक्यपद स्पर्धा ही ल्यूज या हिवाळी क्रीडाप्रकारातील जगज्जेते ठरवणारी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. पहिली स्पर्धा इ.स. १९५५ मध्ये नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे झाली. आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघ ही या खेळाची नियामक संस्था असून तिचे मुख्यालय जर्मनीतील बर्खटेसगाडेन येथे आहे. हिवाळी ऑलिंपिकच्या वर्षी ही स्पर्धा सहसा भरवली जात नाही. खेळाचे नाव मराठीत 'लुज' किंवा 'ल्युज' असेही लिहिले जाते.

बर्फाने आच्छादलेल्या, उंच कडांच्या वळणदार मार्गावरून खेळाडू लहानशा घसरगाडीवर उताणा पडून, पाय पुढे करून खाली येतो. ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो तो विजेता. या खेळाला लागणारे मार्ग जगात मोजकेच आहेत. त्यामुळे स्पर्धेचा इतिहास हा बऱ्याच अंशी या मार्गांचा इतिहास आहे.

== नाव व उगम ==

'ल्यूज' हा शब्द फ्रान्सचा सव्हॉय प्रांत आणि स्वित्झर्लंडचा फ्रेंचभाषक भाग येथील बोलीतून आला असून त्याचा अर्थ लहान घसरगाडी असा होतो. आल्प्स पर्वतातील खेड्यांत हिवाळ्यात ये-जा करण्यासाठी व ओझी नेण्यासाठी लाकडी घसरगाड्या वापरल्या जात आणि त्यांवरून उतार गाठणे हा मुलांचा खेळ असे. रत्नागिरी परिसरात पोफळीच्या विरीत एकाने बसायचे आणि दुसऱ्याने ती ओढत न्यायची, असा मुलांचा खेळ आहे. हाताशी असलेल्या साधनाचे वाहन करण्याची तीच वृत्ती ल्यूजच्याही मुळाशी आहे.

पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत १८८३ मध्ये स्वित्झर्लंडमधील दाव्होस ते क्लोस्टर्स या सुमारे ४ किलोमीटरच्या रस्त्यावर झाली. ऑस्ट्रेलियाचा गेओर्ग रॉबर्टसन आणि क्लोस्टर्सचा पेटर मिन्श या दोघांनी सारख्याच वेळात अंतर कापले व विजेतेपद विभागून घेतले. १९१३ मध्ये ड्रेस्डेन येथे घसरगाडी खेळांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९१४ मध्ये रायखेनबर्ग (सध्याचे चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स) येथे पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. पहिल्या महायुद्धामुळे हा क्रम खंडित झाला आणि दुसरी युरोपीय स्पर्धा १९२८ मध्येच होऊ शकली.

== इतिहास ==

=== नैसर्गिक बर्फाचा काळ (१९५५–१९६७) ===

ऑस्लो येथील पहिल्या जागतिक स्पर्धेत पुरुष एकेरीचे विजेतेपद यजमान नॉर्वेच्या अँटोन साल्वेसेनने मिळवले. महिला एकेरीत ऑस्ट्रियाची कार्ला कीन्त्सल विजयी झाली आणि दुहेरीतही ऑस्ट्रियाच्याच जोडीने बाजी मारली. त्या वेळी ल्यूजचा कारभार बॉबस्ले महासंघाच्या एका विभागाकडे होता. १९५७ मध्ये दाव्होस येथे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघ स्थापन झाला. ऑस्ट्रियाचे बर्ट इझाटिश त्याचे पहिले अध्यक्ष झाले व १९९४ पर्यंत त्या पदावर राहिले.

या काळातील मार्ग डोंगरउतारावर हिवाळ्यापुरते तयार केले जात. बर्फ पडला व टिकला तरच शर्यत होई. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलत असल्याने कोणत्याही एका देशाला त्याचा कायमचा सराव नसे. विजेत्यांच्या यादीतही विविधता होती. १९५८ मध्ये क्रिनित्सा येथे यजमान पोलंडने पुरुष व महिला अशी दोन्ही एकेरी विजेतेपदे मिळवली. १९६१ मध्ये गिरेनबाद येथे महिला एकेरी स्वित्झर्लंडच्या एलिझाबेथ नागेलेने जिंकली. १९६४ मध्ये इन्सब्रूक येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूजचा समावेश झाला आणि खेळाला शासकीय व आर्थिक पाठबळ मिळू लागले.

=== कृत्रिम बर्फमार्गांचा उदय (१९६९ नंतर) ===

१९६० च्या दशकाच्या अखेरीस बव्हेरियातील क्योनिगझे या तळ्याच्या काठी जगातील पहिला कृत्रिमरीत्या गोठवलेला बर्फमार्ग तयार झाला. १९६९ ची जागतिक स्पर्धा तेथे भरली आणि या खेळाचे स्वरूप पालटले. अशा मार्गात काँक्रीटच्या कवचात नळ्यांचे जाळे असते. त्यांतून अतिशीत द्रव फिरवून काँक्रीट थंड केले जाते आणि त्यावर पाण्याचे फवारे मारून बर्फाचा पातळ थर चढवला जातो. मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरात मासळीसाठी बर्फ पुरवणारे कारखाने ज्या शीतकरणाच्या तत्त्वावर चालतात, तेच तत्त्व येथे एक ते दीड किलोमीटर लांबीच्या मार्गासाठी वापरलेले असते. साहजिकच बांधकामाचा आणि वीजपुरवठ्याचा खर्च फार मोठा असतो.

कृत्रिम मार्गामुळे शर्यत हवामानावर अवलंबून राहिली नाही आणि सरावाचा हंगामही लांबला. मात्र ज्या देशाकडे असा मार्ग आहे त्याचे खेळाडू एका हंगामात शेकडो वेळा उतरण्याचा सराव करू शकतात, तर इतरांना परदेशी जाऊन मोजक्या फेऱ्यांवर समाधान मानावे लागते. १९७३ ची स्पर्धा पूर्व जर्मनीतील ओबरहोफ येथे झाली. पुढे आल्टेनबर्ग येथेही मार्ग झाला. पश्चिम जर्मनीत क्योनिगझेच्या जोडीला विंटरबर्ग आले. १९९० च्या एकीकरणानंतर जर्मनीकडे एकाच वेळी असे चार मार्ग होते.

=== युरोपाबाहेर विस्तार ===

१९८३ मध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे प्रथमच युरोपाबाहेर जागतिक स्पर्धा झाली. चेकोस्लोव्हाकिया सोडून आलेल्या मिरोस्लाव्ह झायोन्त्सने कॅनडाच्या वतीने खेळून पुरुष एकेरी जिंकली. त्यानंतर १९९० व १९९३ मध्ये कॅल्गरी, २००४ मध्ये जपानमधील नागानो, २००५ मध्ये पार्क सिटी आणि २०१३ मध्ये व्हिसलर येथे स्पर्धा झाल्या. नागानोची स्पर्धा ही पूर्व आशियातील पहिली जागतिक ल्यूज स्पर्धा होय. युरोपाबाहेरचे हे बहुतेक सर्व मार्ग हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने बांधलेले आहेत.

== स्पर्धाप्रकार ==

* '''पुरुष एकेरी व महिला एकेरी''' – १९५५ पासून. जागतिक स्पर्धेत प्रत्येक खेळाडूच्या दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज धरली जाते. ऑलिंपिकमध्ये एकेरीच्या चार फेऱ्या दोन दिवसांत होतात.
* '''दुहेरी''' – १९५५ पासून. एका घसरगाडीवर दोन खेळाडू एकावर एक उताणे पडतात. महिलांची स्वतंत्र दुहेरी स्पर्धा २०२२ मध्ये सुरू झाली.
* '''सांघिक स्पर्धा''' – १९८९ पासून. पुढे तिला रिलेचे रूप मिळाले. एका गाडीवरील खेळाडू अंतिम रेषेजवळ मार्गावर टांगलेल्या फळीला हाताने स्पर्श करतो आणि त्याच क्षणी वर थांबलेल्या पुढच्या सहकाऱ्याचे फाटक उघडते. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार २०१४ पासून आहे.
* '''स्प्रिंट''' – २०१६ मध्ये क्योनिगझे येथे प्रथम खेळवला गेला. यात घड्याळ सुरुवातीच्या जागेऐवजी थोडे खाली, गाडीने वेग घेतल्यावर सुरू होते.

नैसर्गिक मार्गावरील ल्यूजची जागतिक स्पर्धा वेगळी असून ती १९७९ पासून भरते.

== नियम व साधने ==

घसरगाडीला सुकाणू किंवा ब्रेक नसतो. तिच्या खाली दोन धावकाठ्या असून त्यांवर पोलादी पात्या बसवलेल्या असतात. खेळाडू पोटऱ्यांनी धावकाठ्यांची पुढची टोके दाबून आणि खांद्यांचा भार बदलून दिशा साधतो. सुरुवातीला दोन दांड्यांना धरून तो गाडी मागेपुढे झुलवतो, जोराने पुढे फेकतो आणि खिळे लावलेल्या हातमोज्यांनी बर्फाला रेटे देत वेग वाढवतो. त्यानंतर तो पूर्ण आडवा होतो. अंतिम रेषेनंतर उठून बसून, पाय बर्फाला टेकवून गाडी थांबवावी लागते. डोके पुढे करून पालथे पडण्याच्या खेळास स्केलेटन म्हणतात. तो ल्यूजहून वेगळा आहे.

एकेरी गाडीचे वजन २१ ते २५ किलोग्रॅम असते. जड खेळाडूस उतारावर फायदा होत असल्याने हलक्या खेळाडूंना ठरावीक मर्यादेत जादा वजन अंगावर बाळगण्याची मुभा आहे. तापलेली पाती अधिक वेगाने घसरते, म्हणून शर्यतीपूर्वी पात्यांचे तापमान मोजले जाते. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये पात्या तापवल्याच्या कारणावरून पूर्व जर्मनीच्या तीन महिला खेळाडूंना बाद करण्यात आले होते. त्यांत १९६५ व १९६७ ची जगज्जेती ऑर्ट्रुन एंडरलाइन हिचाही समावेश होता.

वेळ सेकंदाच्या एक हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये दुहेरीत इटली व पूर्व जर्मनी यांची वेळ तंतोतंत सारखी आल्याने दोन्ही जोड्यांना सुवर्णपदक द्यावे लागले होते. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीत चार फेऱ्यांनंतर पहिल्या दोघींत केवळ ०.००२ सेकंदाचे अंतर होते.

== वर्चस्व व अपवाद ==

जागतिक स्पर्धेत पूर्व, पश्चिम व एकीकृत जर्मनीच्या खेळाडूंचे वर्चस्व दीर्घकाळ टिकून आहे. पूर्व जर्मनीच्या मार्गिट शूमानने १९७३, १९७४, १९७५ व १९७७ अशी चार विजेतेपदे मिळवली. झिल्के ओटो व नाताली गायजेनबर्गर यांनी एकेरीची प्रत्येकी चार आणि तात्याना ह्यूफ्नरने पाच विजेतेपदे मिळवली. पुरुषांत योसेफ फेंड्ट (१९७०, १९७४) आणि गेओर्ग हाकल (१९८९, १९९०, १९९७) हे दोघेही क्योनिगझे मार्गालगतच्या बर्खटेसगाडेन गावचे. फेंड्ट पुढे १९९४ ते २०२० या काळात महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर लात्व्हियाचे एइनार्स फोगेलिस अध्यक्ष झाले. बर्खटेसगाडेनच्याच क्लबतर्फे खेळणारा फेलिक्स लॉख २००८ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी जगज्जेता झाला आणि २०१९ पर्यंत त्याने एकेरीची सहा विजेतेपदे मिळवली.

या परंपरेला छेद देणारे निकालही घडले आहेत.

* अमेरिकेच्या वेंडेल सकोने १९९३ मध्ये कॅल्गरी येथे पुरुष एकेरी जिंकली. ल्यूजमध्ये जगज्जेता होणारा तो पहिला अमेरिकन.
* २००९ मध्ये लेक प्लॅसिड येथे अमेरिकेच्या एरिन हॅमलिनने महिला एकेरी जिंकली. १९९५ पासून हे विजेतेपद सतत जर्मनीकडे होते. हॅमलिन न्यू यॉर्क राज्यातलीच असून याच मार्गावर घडली होती.
* २०१७ मध्ये इन्सब्रूकजवळील इग्ल्स येथे ऑस्ट्रियाच्या वोल्फगांग किंडलने पुरुष एकेरी जिंकली.
* २०२० मध्ये सोची येथे पुरुष व महिला अशी दोन्ही एकेरी विजेतेपदे रशियाकडे गेली.

हॅमलिन, किंडल आणि रशियाचे खेळाडू आपापल्या देशातील मार्गावर जिंकले. परिचित वळणांवर मिळालेला सराव किती मोलाचा असतो, हे या निकालांवरून दिसते.

इटलीचा आर्मिन त्सॉगेलर हा वेगळ्या प्रकारचा अपवाद आहे. दक्षिण टायरोलमधील नैसर्गिक मार्गांवर खेळाची सुरुवात केलेल्या त्सॉगेलरने १९९५, १९९९, २००१, २००३, २००५ व २०११ अशी एकेरीची सहा विजेतेपदे मिळवली. त्यांतील शेवटचे विजेतेपद इटलीतीलच चेझाना येथे मिळाले. हा मार्ग २००६ च्या तुरिन ऑलिंपिकसाठी बांधला होता. खर्च न परवडल्याने या स्पर्धेनंतर लवकरच तो बंद पडला आणि २०२६ च्या ऑलिंपिकसाठी कोर्तिना येथे नवा मार्ग होईपर्यंत इटलीकडे वापरातला कृत्रिम मार्ग नव्हता.

== सुरक्षा ==

मार्ग जसजसे वेगवान झाले तसतसा धोकाही वाढला. १९६४ च्या इन्सब्रूक ऑलिंपिकपूर्वी सरावात ब्रिटनच्या एका खेळाडूचा मृत्यू झाला होता. १२ फेब्रुवारी २०१० रोजी, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, व्हिसलर येथील सरावात जॉर्जियाचा एकवीस वर्षीय नोदार कुमारिताश्विली मार्गाबाहेर फेकला जाऊन पोलादी खांबावर आदळला व मरण पावला. याच मार्गावर ताशी सुमारे १५४ किलोमीटर वेगाची नोंद झाली होती. अपघातानंतर मार्गाच्या कडेची भिंत उंच करण्यात आली आणि पुरुषांची शर्यत खालच्या ठिकाणाहून सुरू करण्यात आली. नव्या मार्गांच्या आराखड्यात कमाल वेगावर मर्यादा घालण्याकडे त्यानंतर विशेष लक्ष दिले जाऊ लागले. सोची येथील मार्गात वेग कमी करणारे चढाचे भाग ठेवण्यात आले. तीनच वर्षांनी, २०१३ मध्ये, व्हिसलर येथे जागतिक स्पर्धा झाली.

घरचा मार्ग नसलेल्या खेळाडूच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो, कारण वळणांचा पुरेसा सराव न मिळणे म्हणजे केवळ पदक हुकणे नव्हे, तर इजेचा धोका वाढणेही होय.

== आशिया व भारत ==

आशियाई खेळाडूंसाठी स्वतंत्र आशियाई ल्यूज अजिंक्यपद स्पर्धा भरते. १९९८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला नागानो येथील 'स्पायरल' हा मार्ग दीर्घकाळ तिचे मुख्य केंद्र होता. मार्गात दोन ठिकाणी चढ असणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. खर्चामुळे २०१८ नंतर तेथे बर्फ तयार करणे थांबवण्यात आले. त्याआधीच, २०१७ ची आशियाई स्पर्धा जर्मनीतील आल्टेनबर्ग येथे घ्यावी लागली होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने दक्षिण कोरियात प्योंगचांग आणि चीनमध्ये बीजिंगजवळ यानछिंग येथे नवे मार्ग झाले.

भारतात कृत्रिम बर्फाचा एकही ल्यूज मार्ग नाही. तरीही आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक चार वेळा भारताकडे आले आहे. हिमाचल प्रदेशातील मनाली येथे १९८१ मध्ये जन्मलेल्या शिव केशवनने २०११, २०१२, २०१६ व २०१७ मध्ये ते जिंकले. ऑस्ट्रियाचे माजी ल्यूजपटू ग्युंटर लेमरर यांनी हरियाणातील पंचकुला येथे घेतलेल्या शिबिरात चाके लावलेल्या गाडीवर त्याची या खेळाशी ओळख झाली. १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि ल्यूजमध्ये ऑलिंपिक खेळणारा पहिला भारतीय ठरला. तेथपासून २०१८ च्या प्योंगचांगपर्यंत तो सलग सहा ऑलिंपिक स्पर्धांत खेळला. २००६ मध्ये तुरिन येथे मिळालेले पंचविसावे स्थान ही त्याची ऑलिंपिकमधील सर्वोत्तम कामगिरी होय.

मायदेशी बर्फमार्ग नसल्याने केशवन उन्हाळ्यात चाकांच्या गाडीवरून हिमालयातील घाटरस्त्यांवर सराव करीत असे. वाहने व शेळ्यामेंढ्यांच्या कळपांना चुकवत केलेल्या या सरावाच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. २०१४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्याने सोची येथे त्याला राष्ट्रध्वजाऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली उतरावे लागले. त्याची शर्यत संपल्यानंतर, स्पर्धा चालू असतानाच, ११ फेब्रुवारी रोजी निलंबन उठले. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

आशियात चार सुवर्णपदके मिळवणारा खेळाडू ऑलिंपिकमध्ये पहिल्या वीसांत येऊ शकला नाही, यावरून दोन्ही पातळ्यांमधील अंतर स्पष्ट होते. त्यात गुणवत्तेइतकाच सरावाच्या फेऱ्यांचा वाटा आहे.

== सद्यस्थिती ==

जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने आलेल्या लोंढ्यात क्योनिगझे मार्गाच्या वरच्या भागाची मोठी हानी झाली. त्याच वर्षी जानेवारीत तेथे जागतिक स्पर्धा पार पडली होती. त्यानंतरच्या स्पर्धा २०२३ मध्ये ओबरहोफ, २०२४ मध्ये आल्टेनबर्ग आणि २०२५ मध्ये व्हिसलर येथे झाल्या. पहिला कृत्रिम मार्ग पुराने मोडला आणि चेझाना व नागानो येथील मार्ग खर्चाअभावी थांबले. त्यामुळे असे मार्ग टिकवण्याचा प्रश्न आता जुन्या यजमान देशांपुढेही उभा आहे.

== निवडक स्पर्धा व एकेरी विजेते ==

* १९५५, ऑस्लो – अँटोन साल्वेसेन (नॉर्वे). कार्ला कीन्त्सल (ऑस्ट्रिया)
* १९६९, क्योनिगझे – योसेफ फाइस्टमांटल (ऑस्ट्रिया). पेट्रा टीयरलिख (पूर्व जर्मनी)
* १९७३, ओबरहोफ – हान्स रिन. मार्गिट शूमान (दोघेही पूर्व जर्मनी)
* १९८३, लेक प्लॅसिड – मिरोस्लाव्ह झायोन्त्स (कॅनडा). श्टेफी मार्टिन (पूर्व जर्मनी)
* १९९३, कॅल्गरी – वेंडेल सको (अमेरिका). गेर्डा वाइसेनश्टाइनर (इटली)
* २००४, नागानो – डाव्हिड म्योलर. झिल्के क्राउसहार (दोघेही जर्मनी)
* २००९, लेक प्लॅसिड – फेलिक्स लॉख (जर्मनी). एरिन हॅमलिन (अमेरिका)
* २०११, चेझाना – आर्मिन त्सॉगेलर (इटली). तात्याना ह्यूफ्नर (जर्मनी)
* २०१७, इग्ल्स – वोल्फगांग किंडल (ऑस्ट्रिया). तात्याना ह्यूफ्नर (जर्मनी)
* २०२१, क्योनिगझे – रोमान रेपिलोव्ह (रशिया). युलिया टाउबिट्स (जर्मनी)